काकांची स्थळपाहणी

विनायककाकांची आणि माझी शेवटची भेट झाली तेव्हा ते न्हाणीघरात होते आणि मी त्यांची पिशवी तपासत होतो. हे लिहिताना लाज वाटते. पण माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल लिहायचं, तर निदान पहिलं वाक्य तरी खरं असावं. काका नुकतेच कोकणातून परतले होते. काकू न्हाणीच्या बाजूला कान लावून उभी होती आणि मला हळू आवाजात घाई करत होती, "लवकर पाय ना बाप्पा, त्यायची आंघोळ म्हंजे दोन तांबे." पिशवीत एक ओलसर टॉवेल, आमसुलांची पुडी आणि एक वही निघाली. वहीत तारखा आणि तारखांसमोर वेळा. एका दिवशी सकाळी सात, दुसऱ्या दिवशी पावणेआठ, तिसऱ्या दिवशी साडेआठ... मी अमरावतीत बँकेत काम करतो, आकडे बघितले की डोकं चालतं असा माझा समज आहे. मी काकूला सांगितलं, "भेटीच्या वेळा दिसतात. बाई हुशार आहे, रोज वेळ बदलते." काकूचा चेहरा जो पडला, तो मी अजून विसरलो नाही.

संशयाला कारण होतं. काका नगरपालिकांच्या नोकरीत होते. वऱ्हाडातच इकडून तिकडे बदल्या होत होत्या, आणि शेवटी कोणाला तरी त्यांचा राग आला म्हणा, की कंटाळा आला म्हणा, पण त्यांना महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठच्या एका लहानशा गावात नगरपरिषदेचे अधीक्षक म्हणून पाठवलं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून निवडणुका लढतात. तीन वर्षं काका एकटे राहिले. मग अकोल्याला आले, निवृत्त झाले, आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात आठ दिवस तिकडे जाऊ लागले. का, ते सांगायचे नाहीत. "काम आहे," एवढंच. निवृत्त माणसाला कसलं काम? त्यांनी आणलेल्या आमसुलाचा एक तुकडाही काकूनं कधी वरणात पडू दिला नाही. पुड्या फडताळात रांगेनं उभ्या होत्या, एकेका वर्षाची एकेक.

त्या गावाबद्दल मात्र काका भरभरून बोलायचे, आणि तेच आम्हाला जास्त खुपायचं. "एका बाजूनं डोंगर, एका बाजूनं समुद्र, अन् मधात गाव असं चेपलेलं, जसं एस्टीच्या दोन शिटांच्या मधात उभं राह्यलेलं मानूस," ते सांगायचे. "मतदार यादीत पाय तं मानसंच मानसं. अन् घरोघरी जा तं कुलपंच कुलपं. सारे मुंबईले. गनपतीत अन् शिमग्यात गाव दुप्पट होते, मंग पुन्हा निम्मं. आता सांग, अशा गावाची लोकसंख्या कोनती धरावं? पाण्याची टाकी कोनाच्या हिशोबानं बांधावं? कुलपाच्या का मानसाच्या?" मी विचारायचो, "अन् काका, तिथं तुमच्या ओळखीचं कोण आहे?" की काका लगेच चष्मा पुसायला घ्यायचे. चष्मा पुसणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असं माझं मत होतं. आमच्या घराण्यात माझ्याकडे खातंच ते. लग्नाच्या आदल्या दिवशी सगळे जमले की कोणाची तरी फजिती मी मीठमसाला लावून सांगायची आणि सगळ्यांनी गडाबडा लोळायचं. काकांच्या भानगडीची गोष्टही मी मनात जुळवत होतो, फक्त शेवट सापडत नव्हता.

मग महिनाभरातच काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा मोबाईल वाजला. पडद्यावर नाव होतं, "प्रमिला वाडी". मी फोन उचलला. पलीकडून बाईचा आवाज, "साहेब, यंदाची कागदं पोचली काय?" मी म्हणालो, "काका गेले," आणि घाबरून फोन बंद केला. इतकी वर्षं तपास करणाऱ्या माणसाला साक्षीदार मिळाला, तर त्यानं तो स्वतःच्या अंगठ्यानं कापला.

पण ती बाई आली. तेरवीच्या दिवशी, पंगती उठत असताना, दोन गाड्या बदलून, हातात एक कापडी पिशवी घेऊन. साठीची, काळी, काटक. दारात उभी राहून ती आत बघत होती... फरशीकडे, पंख्याकडे, भिंतीच्या पोपड्यांकडे, कोणी घर विकत घ्यायला आल्यासारखी. मला तर वाटलं, ही वाटा मागायला आली.

काकू पुढे झाली. "तुमी कोन?"

"मी प्रमिला. साहेबांमुळं निवडणुकीत पडलेली बाई."

पंगतीतले दोन-तीन जण पानावरून उठता उठता थांबले. काकूनं तिला हाताला धरून काकांच्या खोलीत नेलं, आणि मला म्हणाली, "तू बी ये. तुलेच लई उत्सुकता होती."

प्रमिलाबाईंनी सांगितलं ते असं. त्यांची वाडी गावाच्या उत्तरेला, मधे खाडीचा एक फाटा. काका तिथं असताना प्रभागांची रचना झाली. लोकसंख्या जुळवायला एका प्रभागात थोडी माणसं कमी पडत होती, म्हणून ही वाडी गावाकडच्या प्रभागाला जोडली. मतदान केंद्र गावात. प्रमिलाबाईंनी हरकत घेतली, मधे पाणी आहे म्हणून. काका स्वतः बघायला गेले. सकाळी आठला. ओहोटी होती, वाळू उघडी, चपला हातात न घेता पलीकडे गेले आणि परत आले. अर्जावर शेरा लिहिला, "स्थळपाहणी केली. नाला कोरडा आहे. पायी ओलांडता येतो." वरच्या साहेबांनी त्याखाली सही केली.

"मी म्हटलं, साहेब, दुपारी या बघायला," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तर म्हणाले, बाई, एकदा बघितलेला नाला दुपारी काय वेगळा दिसणार हाय?"

मतदानाच्या दिवशी सकाळी लवकर निघालेले पुरुष चालत पोचले. स्वयंपाक उरकून निघालेल्या बायका काठावर आल्या तेव्हा पाणी छातीला. वाडीची होडी एकच, ती दुरुस्तीला वर ओढलेली. संध्याकाळी पाणी उतरलं, बायका धावत गेल्या, तर केंद्राचं दार लागलेलं. प्रमिलाबाई एका पंगतीत बसतील एवढ्या मतांनी पडल्या. आणि अख्खी वाडी म्हणू लागली, साहेब विकला गेला.

वहीतल्या वेळा मला तेव्हा कळल्या. ओहोटीच्या होत्या. रोज पाऊणेक तास पुढे सरकणाऱ्या. दुसऱ्या कोणाच्या चुलीत धूर शोधायला निघालेल्या माझ्या अकलेबद्दल मी काही न बोललेलं बरं.

"मग दरवर्षी यायचे," प्रमिलाबाई सांगत होत्या. "पयल्या तीन वर्षी मी पाणी विचारलं नाय. शाळेच्या पडवीत बसायचे, वाडीवर केंद्र द्या म्हणून अर्ज लिहायचे, दोन्ही वेळेला काठावर जाऊन पाणी मोजायचे, कागदावर मांडायचे. मागच्या वेळेला केंद्र आलं आमच्या शाळेत. आता साकवाचं चाललं होतं, पलीकडं जायला पूल." मग काकूकडे सरळ बघून म्हणाल्या, "वयनी, मी इतक्या लांब एकच विचारायला आलंय. खरं सांगा. साहेबांनी पैसं घेतलं होतं काय? त्यांना कधी विचारवलं नाय."

मला वाटलं, काकू आता हिला बाहेर काढते. काकू हसली. तेरवीच्या दिवशी, पदर तोंडावर धरून.

"पैसे? अवो बाई, त्यायले पानीच समजत नव्हतं! लग्नाच्या पह्यल्या वर्षी कौंडण्यपूरच्या जत्रेले गेलो. सारे जन गाड्या वर लावून राह्यले, अन् हे मानूस नवी स्कूटर नदीच्या वाळूत लावून आलं, सावली आहे म्हने दरडीची. वरून धरनाचं पानी सोडलं. सांजच्याले आरसा तेवढा दिसून राह्यला होता. पूर्णेच्या काठचे होते ते. आमच्याकडं उन्हाळ्यात पानी गेलं म्हंजे गेलं, मिरगापर्यंत येत नाई. दिवसातून दोनदा जाऊन दोनदा येनारं पानी त्यायनं कुठं पाह्यलं होतं?"

प्रमिलाबाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाल्या, "म्हंजे खरंच नाला वाटला."

"खरंच," काकू म्हणाली. मग तिनंही विचारून घेतलं, "अन् तुमचं काई...?"

"छे वो. घोरायचे किती ते, पडवीत झोपले की पलीकडच्या वाडीला ऐकू जायचं. मला तर आवाजाचाच राग."

रात्रीच्या गाडीनं त्या गेल्या. जाताना त्या अर्जाची झेरॉक्स काकूला देऊन गेल्या. काकांच्या शेऱ्याखाली नंतर कधीतरी वेगळ्या शाईनं, त्यांच्याच अक्षरात एक ओळ आहे: "दुपारी पुन्हा पाहणी केली. नाला नाही."

त्यांना स्टेशनवर सोडून आलो, तर काकू काकांच्या खाटेवर बसलेली. म्हणाली, "मले सांगाले काय झालं होतं रे त्यायले? इतके वर्षं मी मनातल्या मनात जळून राह्यली."

मी म्हणालो, "लाज वाटली असेल."

"माही लाज कायची? स्कूटर बुडाली तवा मीच होती ना सोबत." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुह्या भेवानं नाई सांगतलं त्यायनं. मले सांगतलं तं तुले कळनार, अन् तुले कळलं का पुढच्या लग्नात सारा मांडव हासनार. बाईची भानगड परवडली, पन ते नाई."

स्कूटरची ती गोष्ट मीच आजवर किती मांडवांत सांगितली आहे, याचा मला हिशोब नाही... आणि दर वेळी काका कोपऱ्यात चष्मा पुसत असायचे.

हे लिहायला काकूनं परवानगी दिली, वाडीला खरं कळावं म्हणून. ती झेरॉक्स आता काकांच्या खोलीत खिडकीच्या गजाला चिमट्यानं लावली आहे, वारा आला की फडफडते. परवा अकोल्याला गेलो, तेव्हा एकटाच तिथं उभा राहून पुन्हा वाचली. "नाला कोरडा आहे." खाली, "नाला नाही." मला हसू आलं, आवरता आवरेना. डोळे पुसून मागं वळलो, तर काकू दारात उभी होती. किती वेळची, कोण जाणे. डोळे बारीक करून ती माझ्याकडे बघत होती, आणि मी का हसतोय, ते ठरवत होती.