नेव्हिल डॉबरचा रिव्हर्स गिअर

स्पॉल्डिंग गावचा निवृत्त पोस्टमन नेव्हिल डॉबर गाडी चालवायचा ती फक्त पुढे. पस्तीस वर्षांत त्याने गाडी एकदाही मागे घेतली नव्हती, आणि ही गोष्ट त्याच्या बायकोलासुद्धा ठाऊक नव्हती.

एवढं मोठं गुपित सांभाळायचं म्हणजे खायचं काम नाही. बाजारात गेला की तो गाडी लावायच्या मैदानाचं पार शेवटचं टोक गाठायचा, जिथून सरळ पुढे निघता येईल अशीच जागा धरायचा आणि वर ऐकवायचा, "माणसाचं चालणं झालं पाहिजे." घरापुढे दोन वाफ्यांएवढी बाग होती, तिच्यातून त्याने अर्धगोल वाट काढली आणि कुंपणाला दुसरं फाटक बसवलं. एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. शेजारी म्हणाले, डॉबर स्वतःला जहागीरदार समजायला लागला. पुढे टपालखात्याने सायकली काढून व्हॅन दिल्या, तेव्हा नेव्हिलने व्हॅन घ्यायला साफ नकार दिला. सायकलला रिव्हर्स नसतो, हे खरं कारण. पण गावच्या साप्ताहिकाने 'तत्त्वाचा माणूस' म्हणून त्याचा सायकलसकट फोटो छापला. बायकोने, पॉलीनने, ते कात्रण फ्रेम करून जिन्यात लावलं. रोज वर झोपायला जाताना नेव्हिल त्या भिंतीकडे न बघता जिना चढायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती झाकून झाकून हात किती दुखतो ते नेव्हिलला विचारा.

याचं मूळ होतं एका मॅरोत. मॅरो म्हणजे आपल्या दुधीचा थोरला, आडदांड भाऊ. नेव्हिलचे सासरे दरवर्षी गावच्या भाजीप्रदर्शनासाठी एक मॅरो पोसायचे. त्याला साखरपाणी पाजायचे, थंडी पडली तर घोंगडी पांघरायचे. नेव्हिलच्या लग्नाला चार महिने झाले होते. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी सासऱ्यांच्या अंगणातून गाडी काढताना त्याने ती मागे घेतली ती थेट मॅरोवर. आवाज असा आला की शेजारचं कुत्रं भुंकायचं थांबलं. सासरे बाहेर आले, बघितलं, आणि म्हणाले, "असू दे." बस. एक शब्द जास्त नाही.

पण सासूने त्या मॅरोची लोणच्यासारखी टिकणारी चटणी घातली. चौदा बरण्या. त्यानंतर दर रविवारी जेवायला बसलं की सासरे बरणी त्याच्यापुढे सरकवायचे आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "नेव्हिल, थोडी घे ना." चौदा बरण्या संपायला दीड वर्ष लागलं. शिवी दिली असती तर नेव्हिलने ती कधीच विसरून टाकली असती. पण ती चटणी त्याच्या अंगात भिनली. हात रिव्हर्स गिअरकडे गेला की तळव्याला घाम फुटायचा. मग त्याने हात तिकडे न्यायचंच सोडून दिलं.

स्पॉल्डिंगच्या भागात हे सगळं निभावून गेलं. तिकडे जमीन पोळपाटासारखी, रस्ते सरळ, आणि समोरून येणारा मैलभर आधी दिसतो. अडचण होती ती डेव्हनमध्ये. पॉलीनची मोठी बहीण बेरिल तिकडे एका मेंढ्यावाल्या शेतकऱ्याला, राल्फला, देऊन टाकलेली. शेतावर जायची वाट दोन मैल, एकाच गाडीच्या रुंदीची. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच मातीचे बांध आणि वर गच्च झुडपं. समोरून गाडी आली की दोघांपैकी एकाने मागे जायचं, बाजू द्यायला केलेल्या खळगीपर्यंत. ज्याला खळगी जवळ त्याने जायचं, आणि मागे ओढगाडी, म्हणजे ट्रेलर, असलेल्याला कुणी मागे जायला सांगायचं नाही, हा तिथला अलिखित कायदा. बेरिलच्या लग्नाला हे दोघं ट्रेनने गेले होते. स्टेशनवरून जीपमध्ये बसून जाताना नेव्हिलने ती वाट बघितली आणि मनात ठरवलं, आपली गाडी इथे येणं नाही.

बेरिल दर उन्हाळ्यात बोलवायची. दर उन्हाळ्यात नेव्हिलची पाठ तरी दुखायची, नाहीतर गाडीतून कसला तरी आवाज यायचा. शेवटी एकदा पॉलीन एकटीच गेली. बेरिलने विचारलं, "तुझ्या नवऱ्याला आमच्या चिखलाची घाण वाटते का गं?" पॉलीनने नवऱ्याची बाजू घेतली, शब्दाने शब्द वाढला, आणि ती दोन दिवस आधीच परत आली. त्यानंतर बावीस वर्षं नाताळचं कार्ड तेवढं यायचं. आत छापील शुभेच्छा, खाली दोन सह्या.

गेल्या नाताळात सह्यांच्या खाली एक ओळ होती. "ऑगस्टात सत्तर पुरी होतील. वाटलं तर या." पॉलीनने ते कार्ड जूनपर्यंत शेकोटीवरच्या फळीवर ठेवलं, आणि मग म्हणाली, "आपण जायचंय. गाडीने. सगळ्यांनी." नेव्हिल हो म्हणाला, कारण मुलगी लॉरेन बरोबर येणार होती आणि ती बेधडक गाडी चालवायची. डेव्हन आलं की स्टिअरिंग तिच्या हाती द्यायचं, म्हणायचं वय झालं आता. योजना नामी होती. निघायच्या आठ दिवस आधी लॉरेन पोरीच्या वाढदिवसाला उड्या मारायच्या जाळीवरून पडली आणि मनगटाला प्लास्टर घालून बसली.

"बाबा, तुम्हीच चालवायची आता," ती म्हणाली. "तसंही तुम्ही कुणाच्या हातात देत नाहीच."

नेव्हिलची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. त्याने पाठीवर हात ठेवून बघितला. पॉलीन नुसती बघत राहिली. त्याने हात काढला.

अशी ही वरात शुक्रवारी निघाली. पुढे नेव्हिल आणि पॉलीन, मागे लॉरेन आणि तिची नऊ वर्षांची हॅटी. पायाशी चहाचा थर्मास आणि अंड्याची सँडविचेस. शाळेने हॅटीला वही दिली होती, सुट्टीत काय शिकलात ते लिहा म्हणून. पीटरबरोच्या पुढे नेव्हिल एक वळण चुकला. फोनमधली बाई म्हणाली, जमेल तेव्हा मागे वळा. नेव्हिल म्हणाला, "ती बसलीय लंडनला, तिला काय कळतंय," आणि अकरा मैल पुढे जाऊन एका गोल चौकाला वळसा घालून आला. दुसऱ्या चुकीला चौदा मैल. कॉव्हेंट्रीपाशी तर एका चौकाला त्याने तीन प्रदक्षिणा घातल्या.

"बाबा, पंढरी आली का इथे?" असं लॉरेनला म्हणता येत नव्हतं म्हणून, नाहीतर नक्की म्हणाली असती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, मला गरगरतंय."

हॅटीने वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "चूक झाली तरी आजोबा मागे फिरत नाहीत."

"शाब्बास," नेव्हिल म्हणाला. आरशात कुणाच्या डोळ्याला डोळा भिडणार नाही याची त्याने काळजी घेतली.

वाटेत एका घरगुती लॉजवर मुक्काम झाला. तिथेही त्याने गाडी आत न घेता रस्त्याकडेला लावली, आणि सामान पाऊण फर्लांग वाहिलं. पॉलीन मात्र खुशीत होती. नवा निळा कोट, मांडीवर केकचा डबा, आणि मैल संपतील तशी ती बेरिलच्या आठवणी काढायला लागली. बेरिलने तिला पोहायला कसं शिकवलं, बेरिलने तिच्या वाटचा मार कसा खाल्ला. नेव्हिल ऐकत होता. ही बाई बावीस वर्षं यातलं काहीच बोलली नव्हती, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

ती वाट दुपारी तीनला लागली. बांध तसेच होते, झुडपं आणखी माजली होती. आरसे दोन्ही बाजूंनी पानांना घासत होते. पहिल्या वळणावर समोर पावाची व्हॅन आली. नेव्हिल थांबला, व्हॅनवाल्याकडे बघत बसला. व्हॅनवाला सुस्कारा टाकून मागे गेला. नेव्हिलने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, तिथल्या रीतीचे आभार. मग एक पाद्री आला, तोही भला माणूस, मागे गेला. तिसरा ट्रॅक्टर, तोही गेला.

"आजोबा, आपली पाळी कधी?" हॅटीने विचारलं.

"आली की कळेल," नेव्हिल म्हणाला.

पुढच्याच वळणावर ती आली. जुनी जीप, मागे ओढगाडी, ओढगाडीत बारा मेंढ्या. जीपमधून पांढऱ्या केसांची, गुडघाभर बुटातली एक उंच बाई उतरली. पॉलीनने केकचा डबा नेव्हिलच्या मांडीवर टाकला आणि दार उघडायला लागली. दार बांधाला अडलं. तेवढ्या फटीतून ती निळा कोट खरवडत कशीबशी बाहेर पडली. दोन्ही बंपरांमध्ये हातभर जागा होती. त्या हातभर जागेत दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मेंढ्याच काय त्या ओरडत होत्या.

"वाळलीस गं पॉली," बेरिल शेवटी म्हणाली. नाक पुसलं आणि गाडीकडे वळली. "काय नेव्हिल. आलास म्हणायचा. घे जरा मागे, खळगी ऐंशी पावलांवर आहे. या मेंढ्या शेजाऱ्याकडे सोडून आलेच मी."

नेव्हिलने काच खाली केली. मांडीवर केक, तळवे ओले. ताकाला जाऊन भांडं लपवायचे दिवस संपले होते.

"येत नाही मला," तो म्हणाला.

"काय येत नाही?"

"मागे घ्यायला. त्या मॅरोपासून घेतलेली नाही."

बेरिलला हसू फुटलं. पॉलीन मात्र हसली नाही. ती खिडकीपाशी आली.

"म्हणजे ते दुसरं फाटक?"

"हो."

"सायकल?"

"सायकलसुद्धा."

"आणि मी तो फोटो फ्रेम करून लावला." तिने खिडकीची कड धरली. "आणि इथे यायचं नाही ते?"

नेव्हिलने मान हलवली.

"मला वाटायचं, तुला माझी माणसं आवडत नाहीत," पॉलीन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि नेव्हिलला ते जास्त लागलं. "त्यावरून मी बहिणीशी भांडले. बावीस वर्षं, नेव्हिल. एकदा सांगितलं असतंस तर मी स्वतः गाडी शिकले असते. चालत आले असते मी."

"लाज वाटली गं," तो म्हणाला.

बेरिलचंही हसू ओसरलं होतं. "ऊठ, मी घेते तुझी गाडी मागे," ती म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही," पॉलीन म्हणाली. "तोच घेईल."

बांधाला पाठ घासत ती गाडीच्या मागे गेली आणि वाटेच्या मधोमध उभी राहिली. लॉरेनने पुढे वाकून बापाच्या मांडीवरचा केक काढून घेतला. नेव्हिलने गिअर टाकला. तो कुठे असतो हे हाताला अजून आठवत होतं, याचं त्यालाच नवल वाटलं. आरशात निळा कोट दिसत होता आणि दोन हात. डावीकडे. थांब. उजवीकडे. ये. पहिल्या दहा पावलांत डावा आरसा बांधात घुसला. पुढच्या दहात मागचा दिवा. पॉलीन न बोलता मागे मागे सरकत होती आणि तो तिच्याकडे बघत येत होता. बेरिलने आपला थर्मास जीपच्या टपावर ठेवून चहा ओतून घेतला. ऐंशी पावलांना पंचवीस मिनिटं लागली. शेवटी मागची चाकं खळगीत उतरली, तेव्हा नेव्हिलच्या सदऱ्याचा एक धागा कोरडा नव्हता.

जीप शेजारून गेली. बेरिलने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं.

"आजोबा, आपली पाळी झाली," हॅटी म्हणाली, आणि वही उघडून बसली.

पॉलीन गाडीत बसली. कोटाचं वाटोळं झालं होतं. शेतावर पोहोचेपर्यंत ती नेव्हिलशी एक अक्षर बोलली नाही, आणि तिथे राल्फने सगळ्यांना खुर्च्या देईपर्यंतही नाही.

बेरिल आल्यावर जेवणं मांडली. पाव, चीज, गार मांस, आणि मधोमध एक बरणी. नेव्हिलने बरणी ओळखली आणि त्याची भूक मेली.

"मॅरोची आहे. आईचीच कृती," बेरिल म्हणाली. "तुला एक सांगायचं राहूनच गेलं बघ. मॅरो फुटला त्या संध्याकाळी बाबा स्वैपाकघरात गेले आणि तोंडात टॉवेल कोंबून हसले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. आईला म्हणाले, पोरगा थरथर कापतोय, आत्ता हसलो तर रडेल बिचारा. मग म्हणाले, रविवारी चटणी देऊन बघू, कधीतरी तोच हसेल. दीड वर्ष वाट बघितली रे त्यांनी."

नेव्हिल बरणीकडे बघत राहिला. त्या रविवारांमधला सासऱ्यांचा गंभीर चेहरा त्याला पुन्हा दिसला, आणि या खेपेला ओठांच्या कोपऱ्यात जे हलत होतं तेही दिसलं. बेरिलने बरणी हळूच त्याच्यापुढे सरकवली. चेहरा अगदी बापासारखा केला.

"नेव्हिल, थोडी घे ना."

तो हसला. आधी घशात, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते नुसतं हसण्याचंच होतं असं काही त्याला म्हणता आलं नसतं. तो हसतोय तोवर पॉलीनने चमचा उचलला आणि त्याच्या ताटलीत चटणीचा डोंगर रचला.

"खा," ती म्हणाली. "बावीस वर्षांची राहिलीय. सगळी संपव."

नेव्हिलने पाण्याला हात न लावता सगळी संपवली.