बंद गॅलरीसमोरचा आकडा

मंडळी, खाणीवर कॉम्प्युटरचं काम करणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

आज सकाळी आमच्या पडद्यावर बंद गॅलरी, म्हणजे खाणीतला बंद बोगदा, श्वास घेऊ लागली. पूर्वी आत आग लागली तेव्हा ती विटांनी चिणली होती आणि दोन माणसं आतच राहिली. तिच्यासमोर मिथेन या स्फोटक वायूचा आकडा १.८२ टक्के होता, तो चढत १.९१ झाला. शेजारच्या चालू गॅलरीसमोर शून्य.

सरदार, म्हणजे पाळीवरच्या माणसांचे प्रमुख, गोविंदराव बेला गावाकडचे. म्हणाले, "म्याडम, थे दोघं जागे झाले वाटते. पाळीतले लोक खालीच आहेत, भिंतीपाशी नारळ फोडाले सांगतो."

"थांबा. भिंतीमागे सेन्सरच नाही."

"मंग हा आकडा कोन पाठवून राह्यलं?"

मी कालच बसवलेलं माझं फंक्शन उघडलं. कितीही आर्ग्युमेंट, म्हणजे मूल्यं, घेणाऱ्या फंक्शनला सी भाषा फ्लोट, म्हणजे चार बाइटचा अपूर्णांक, तसाच देत नाही. त्याचा आठ बाइटचा डबल करून देते. मी चारच बाइट वाचत होते. पहिल्या चारांत शून्य निघालं आणि उरलेले चार पुढच्या, म्हणजे बंद गॅलरीच्या रकान्यात जाऊन भलताच आकडा दाखवू लागले. वायू चालू गॅलरीत वाढत होता, माणसं होती तिथेच.

"आधी सगळ्यांना वर घ्या."

गोविंदरावांनी खाली फोन फिरवला. सगळे वर आले.

दुरुस्तीनंतर चालू गॅलरीसमोर खरा आकडा १.३ दिसला, सव्वा टक्क्यालाच माणसं बाहेर काढायची असतात, आणि बंद गॅलरीसमोर शून्य. गोविंदराव हळूच म्हणाले, "झोपले."

बंद गॅलरीचं ते शून्य मीच प्रोग्रॅममध्ये लिहिलं आहे. तिथे कोणी मोजत नाही.

तुमच्या पडद्यावरची किती शून्यं खरंच मोजलेली आहेत?