लिफ्ट शब्दाचं वजन

१९२३ साली परशराम येळ्ळूरहून बेळगावच्या कॅम्पात हमालीला जायचा. टोळी आठ जणांची, म्होरक्या त्याचा थोरला भाऊ नागोजी. टोळीचा नेम एकच होता. उचललेलं ओझं जागेवर पोचेपर्यंत जमिनीला टेकवायचं नाही. टेकवलं की म्होरक्याचं म्होरकेपण जायचं.

त्या सकाळी एका गोऱ्या साहेबाचा पियानो बंगल्यात चढवायचा होता. वजन दहा मण, खाली दोन बांबू, पुढं चार जण, मागं चार. पायऱ्यांवर भार मागच्यांच्या खांद्यावर येतो. नागोजी मागंच होता आणि त्याचा उजवा गुडघा आठवडाभर सुजलेला. परशराम त्याच्या शेजारी.

साहेब ओरडला, "लिफ्ट!"

चौथ्या पायरीवर त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. त्याला शब्दांची मुळं शोधायचा नाद होता. त्याचा निपाणीचा कारकून शांतिनाथ रोज त्याच्यापुढं धडा म्हणायचा. आत्ताही तो पायरीशी उभा होता; साहेबानं त्यालाच विचारलं,

"लिफ्ट कुठून आला? बरोबर सांगितलंस की हे पुढं जातील."

"लॅटिनमधून, सर."

"चूक."

परशराम पुटपुटला, "आण्णा, टेकवूया."

"गप रं. उचललंय आता."

"गुडघा थरथरतोय तुजा."

"माजा हाय न्हवं? तू तुजा बघ."

"जर्मन, सर?"

"चूक."

पुढून कुणीतरी म्हणालं, "लवकर पास व्हा वो मास्तर!" कुणी हसलं नाही. हसायला श्वास लागतो.

शेवटी साहेबानंच सांगितलं. उत्तरेकडून होड्यांतून इंग्लंडात आलेल्या लोकांनी हा शब्द आणला. त्यांच्या भाषेत मूळ अर्थ हवा, आभाळ. हवेत नेणं म्हणजे लिफ्ट. नजर वर करणं लिफ्ट, धुकं विरणं लिफ्ट.

"वजनाचं नावसुद्धा नाही त्यात! सांग त्यांना."

शांतिनाथ मान खाली घालून सांगू लागला, तेवढ्यात नागोजीचा गुडघा मोडला. त्यानं बांबू सोडला नाही. सोडला असता तर परशराम चिरडला असता. पियानो नागोजीच्या मांडीवर आला.

साहेबानं आधी पियानोचा कोपरा चाचपला. मग म्हणाला, "लिफ्ट!"

"जमिनीला टेकलं न्हाय न्हवं?" नागोजीनं विचारलं.

"न्हाय, आण्णा."

नागोजीचा पाय कापावा लागला. म्होरकेपण परशरामाकडं आलं आणि त्यानं पहिला तो नेमच काढून टाकला. पुढं चोवीस वर्षं तो दर पन्नास पावलांवर ओझं जमिनीला टेकवायचा. त्याच्या टोळीत कुणाचं हाड मोडलं नाही. गाव त्याला 'टेक्या' म्हणायचं.

सगळ्यांत मोठ्यानं नागोजी म्हणायचा, दारात एका पायावर उभा राहून.