काणी लागलेली कणसं

शिरूरच्या मीरासाहेब पिंजाऱ्याचा मुलगा शेखलाल पुण्यात ज्वारीच्या रोगावर संशोधन करतो असं कळलं की लोक विचारत, "म्हंजी डॉक्टर होनार का?" मीरासाहेब हातातली धनुकी थांबवून सांगत, "व्हय, पन कनसांचा." यापलीकडे त्यांनाही फारसं ठाऊक नव्हतं. मुलगा शिकतोय आणि सर त्याला जवळ बसवतात, एवढं त्यांना पुरत होतं.

हे सर म्हणजे पुण्याच्या एका कॉलेजातले पोंक्षे. पंचावन्न साली ते ज्वारीची काणी गोळा करायला शिरूरला आले. काणी लागलेल्या कणसात दाण्याच्या जागी राखाडी बोंडं धरतात आणि ती फोडली की काजळीसारखी भुकटी उडते. सरांना वाट दाखवणारं कुणी तरी हवं होतं. हेडमास्तरांनी अकरावीतल्या शेखलालला पाठवलं, कारण बापाबरोबर गाद्या पिंजायला हिंडून त्याला कुठल्या घराचा कुत्रा चावतो हेसुद्धा माहीत होतं. त्या पंधरवड्यात त्याच्याकडे काम एकच होतं. प्रत्येक कणसाला चिठ्ठी बांधायची आणि तिच्यावर गाव, शेत, मालक, तारीख लिहायची. एकदा तारीख लिहायची राहिली. कणीस मोठं नामी होतं, पण सरांनी ते बांधावर टाकून दिलं आणि काही न बोलता पुढे चालू लागले. शेखलालला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढे तो सरांच्याच कॉलेजात गेला. पोंक्षे सरांची एक पद्धत होती. तास संपल्यावर जो विद्यार्थी रेंगाळेल त्याला ते काम देत, पण त्याच्या इयत्तेच्या मापानं. पहिल्या वर्षी शेखलालनं काचेच्या नळ्या धुतल्या. इंटरला नळ्यांत बी रुजवलं. बी.एस्सी.ला सरांनी सूक्ष्मदर्शक त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, मोज. शिरूरच्या शेतातली ती काजळी भिंगाखाली गोल गोल मण्यांसारखी दिसली. शेखलालनं आईला, शहाबानोला, सुट्टीत ते सांगितलं. ती म्हणाली, असेना का मण्यांची, माझ्या भाकरीत नको.

एम.एस्सी.ला आल्यावर सरांनी काम दिलं नाही. प्रश्न विचारला. बियाण्याला गंधकाची भुकटी चोळून पेरलं तर काणी पडत नाही असं पुस्तकात आहे. तुझ्याकडच्या जमिनीत ते किती खरं? शेखलालनं तीन गावं निवडली : पाबळ, इनामगाव आणि दौंड तालुक्यातलं खुटबाव. प्रत्येक ठिकाणी एकाच शेतकऱ्याच्या रानात शेजारी शेजारी दोन तुकडे, एकात गंधक चोळलेलं बी, दुसऱ्यात तसंच घरचं. कणसं पक्व झाली की ओळीनं चालत जायचं आणि दर पाचवं कणीस कापायचं. दोन्ही तुकड्यांतून शंभर शंभर.

घरच्यांनी त्याला एकसष्टच्या जूनपर्यंत मुदत दिली होती. मीरासाहेबांचे गुडघे धरले होते, त्यांना पिंजण घेऊन गावोगाव फिरवत नव्हतं. जूनमध्ये प्रबंध द्यायचा आणि नोकरीला लागायचं, असं ठरलं होतं.

पाबळ आणि इनामगावची कणसं त्यानं स्वतः कापली. खुटबावचीही त्याच आठवड्यात पक्व झाली, तिथे जाणं जमेना. तिथले दोन्ही तुकडे हौसरावांच्या रानात होते. मीरासाहेब त्यांच्या घरी वीस वर्षं गाद्या पिंजत होते आणि शेखलाल त्यांना आबा म्हणे. त्यानं त्यांना सविस्तर कार्ड लिहिलं. आबांनी दोन पोती रेल्वेनं पाठवली, चिठ्ठ्या बांधून, तारखेसह.

प्रयोगशाळेत पोती उघडली आणि सर बघतच राहिले. दोनशे टपोरी, मोत्यासारखी कणसं. एकही काळं नव्हतं, ना गंधकवाल्या पोत्यात, ना दुसऱ्या.

"शेखलाल," सर म्हणाले, "ही शेतातून आलीत की प्रदर्शनातून?"

दुसऱ्या दिवशी तो पॅसेंजरनं केडगावला उतरला आणि चालत खुटबाव गाठलं. हौसरावांच्या खळ्यावर मळणी संपत आली होती. आबांनी आधी त्याला चहा पाजला, मग मोठ्या समाधानानं विचारलं की कणसं पोचली का. शेखलालनं विचारलं, दर पाचवंच कापलं होतं ना?

"पाचवंच की. तू लिवलंस तसं. पाचवं काळं निघालं तर मातर सहावं घेतलं."

"आबा, काळी कणसंच तर पाहिजे होती."

हौसरावांनी कपबशी खाली ठेवली. "आरं, लेकराच्या परीक्षंला नासका माल धाडू व्हय? मीरासाहेबानं काय म्हनलं असतं मला?"

त्यांची बायको तुळजाबाई सूप बाजूला ठेवून पुढे आली. ती म्हणाली, "काळी म्यां मोजली व्हती बघ. साध्या तुकड्यात वीस तरी असतील. दुसऱ्यात एक-दोन. वीस लिव की, त्यात काय."

शेखलालनं वहीत वीस लिहिलं. पाबळला बावीस आली होती, इनामगावला सतरा. वीस हा आकडा अगदी मधोमध बसत होता. परतीच्या गाडीत तो वही उघडून पुन्हा पुन्हा त्याकडे पाहत होता. तुळजाबाई खोटं बोलणारी बाई नव्हती. आकडा बहुधा खराच होता. आणि जून चार महिन्यांवर होता.

पुण्यात पोचल्यावर त्यानं सरांपुढे वही ठेवली आणि घडलेलं सगळं सांगितलं, सहाव्या कणसासकट. सर हसले, मग गंभीर झाले. खुटबाव गाळून चालणार नव्हतं. खोल काळी जमीन त्या एकाच गावची होती.

"हे वीस कुणी मोजले?"

"तुळजाबाईंनी. अंदाजानं."

"मग ते तुळजाबाईंच्या प्रबंधात घालू," सर म्हणाले. शेखलालनं खिशातली पेन्सिल काढून वीस खोडलं. आता पुढच्या सालच्या पिकापर्यंत थांबायचं, म्हणजे जून गेला हे दोघांनाही कळलं होतं.

घरी सांगणं अवघड होतं. मीरासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हौसरावाचं चुकलं नाही, मीही तसंच केलं असतं. तुझंही चुकलं नाही. आता नोकरी बघ. शेखलाल दौंडच्या शाळेत शिक्षक म्हणून लागला. घर चालू राहिलं. आबांनी मात्र पुन्हा दोन तुकडे पेरून दिले, कुणी न सांगता.

बासष्टच्या माघात तो रविवारी खुटबावला गेला तर बांधावर पाटीभर काणीची कणसं तयार होती. हौसरावांनी पंचक्रोशीतली निवडून आणली होती. "ह्याच्यापरीस काळं कुठं घावायचं न्हाई," ते अभिमानानं म्हणाले. शेखलालनं त्यांना हाताला धरून रानात नेलं. कापायचं काहीच नाही, म्हणाला, उभ्या पिकातच मोजू. तो ओळीनं चालत दर पाचव्या कणसाला थांबे आणि "काळं" किंवा "बरं" म्हणे. तुळजाबाई बोटांवर मोजत मागोमाग येई. काळं म्हटलं की आबांचा चेहरा पडे.

साध्या तुकड्यात शंभरात चौदा निघाली. गंधकाच्या तुकड्यात एक.

"वीस न्हाईत?" तुळजाबाई ओशाळली.

"गेल्या साली असतीलही, मावशी. औंदा चौदा."

हौसराव बांधावर बसले. दोन्ही तुकड्यांकडे त्यांनी आळीपाळीनं पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी काणी आपल्याच कणगीतल्या बियान्यातनं येती. आन् म्या धा वर्सं शेजारच्या बबनरावाच्या नजरंला बोल लावतोय."

शेखलालनं वहीत चौदा आणि एक लिहिलं, खाली गाव, शेत, मालक आणि तारीख. आबा उठले, धोतर झटकलं आणि शेजारच्या बांधाकडे, बबनरावांच्या वस्तीच्या दिशेनं चालू लागले.