बारकीच्या उंचीचं बाक

उधव्याच्या पाड्यावरचा शुक्रा सुतार म्हणजे फर्निचरचा चालताबोलता इतिहास. पण हे त्याला कुणी सांगितलं, तर तो विडी विझवून आधी पोटभर हसेल. पोरवयात त्याने पाट तासले, बाजेचे पाय घडवले. मग डहाणूच्या चिकूवाड्यांतल्या जुन्या बंगल्यांमधून लांब हातांच्या आरामखुर्च्या दुरुस्त केल्या. वेताची बैठक विणताना बोटं सोलून निघाली. पुढे शाळांची बाकं आली, मग सोफे, आणि आता प्लायवूडचे बेड, ज्यांचं नाव काढलं तरी त्याचं तोंड कडू होतं. जग असं वीतवीत जमिनीवरून वर चढलं. शुक्राच्या घरात मात्र एक बाज सोडली तर काही नव्हतं. बायको बारकी म्हणायची, "भुई काय कुठं पळून चालली हाय?"

मग बारकीचा गुडघा गेला. कासा गावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बजावलं, खाली बसायचं नाही. शुक्राने हौसेने सागाची खुर्ची केली, थेट बंगल्यातल्यासारखी. बारकी तीत बसली आणि पार एकटी पडली. दुपारी तिच्याच अंगणात बाया तांदूळ निवडायला जमत. त्या खाली गोल करून बसत. कुजबुज, चेष्टा, कुचाळक्या सगळं खालीच राही. मान वर करून कुणी विचारलंच, तर एवढंच, "काकी, पानी देऊ?"

"मी काय पावनी हाय?" एका संध्याकाळी ती रडवेली होऊन शुक्राला म्हणाली. "काप हिचे पाय!"

त्याने करवत उचललीही. पण खुर्ची खाली आली तर गुडघ्याचं काय? करवत मांडीवर ठेवून तो बसून राहिला. बारकीला खाली नेता येत नाही, मग अंगणच वर आणावं, असं त्या वेड्याच्या डोक्यात आलं.

आठवडाभरात अंगणातल्या जांभळाखाली खुर्चीच्या उंचीची दोन लांब बाकं आणि मधे सुपं ठेवायला मेज उभं राहिलं. बाया आधी लाजल्या, मग पाय हलवत बसल्या. बारकी खुर्ची सोडून त्यांच्यात जाऊन बसली. शेजारची जमना उशिरा आली. तिने बारकीला कोपराने ढोसलं.

"सरक गं बारके, सगळी जागा अडवून बसलीस!"

गुडघा गेल्यापासून तिला कुणी सरक म्हटलं नव्हतं. बारकीने डोळ्याला पदर लावला आणि सरकली.