शंभर मोजा

रसायनशास्त्राच्या बाईंना मुलं पाठीमागे ‘शंभरीबाई’ म्हणायची. वयामुळे नव्हे हो, बाई अजून साठीच्या अलीकडेच होत्या. प्रयोग संपला की उरलंसुरलं बेसिनमध्ये ओतायचं, नळ सोडायचा आणि शंभर मोजायचे, हा त्यांचा नियम. कुणी नव्व्याण्णवला नळ बंद केला, तर बाईंची नजर तिथे पोचलीच म्हणून समजा.

त्यांचा लाडका प्रयोग आयोडीनचा. परीक्षानळीतल्या आयोडीनच्या पाण्यात कार्बन टेट्राक्लोराइड घालून हलवलं की तळाशी जांभळा थर बसायचा. मुली ‘अय्या!’ म्हणायच्या आणि बाई खुलायच्या. “बघा, हा सेंद्रिय द्राव पाण्यात विरघळत नाही. पाण्याहून जड, म्हणून खाली बसतो. वर कितीही पाणी ओता, हा तळ सोडायचा नाही! आणि हुंगू नका, लिव्हरला विष आहे!” आणि मग तीच नळी बेसिनमध्ये रिकामी व्हायची. एक, दोन, तीन... दुसऱ्याला शिकवायचं आणि आपण ऐकायचं नाही, याला काय म्हणावं? सव्वीस वर्षं बाईंना त्यात काही खटकलं नाही.

यंदा पर्यावरणाचा धडा चालू असताना पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “बाई, आपल्या बेसिनचं पाणी जातं कुठे?”

“गटारात.”

“कुठल्या?”

आता आली का पंचाईत! बाईंनाही ते ठाऊक नव्हतं. पण प्रश्न आवडला. त्यांनी पाण्याचा माग काढायचा हिरवा, निरुपद्रवी रंग बेसिनमध्ये ओतला, सगळ्या वर्गाने मोठ्याने शंभर मोजले आणि रस्त्यावरच्या गटारावर पहारा बसला. दोन दिवस गटार जसं होतं तसंच काळं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा बादली घेऊन हसत आले. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे मदतनीस. प्रयोगशाळेच्या मागच्याच दोन खोल्यांत ते आणि मामी राहत. अंगणात विहीर.

“बाई, तुमचा रंग आमच्या विहिरीत निघाला की!”

बादलीतलं पाणी हिरवंगार चमकत होतं. दोन वर्षं मामींचं लिव्हर बिघडलेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुणाचा रसायनांशी संबंध येतो का? मामांनी येऊन बाईंना विचारलं, तेव्हा बाईच म्हणाल्या होत्या, “तुमचा येतो, मामींचा कशाला येईल?” जमिनीखाली बेसिनच्या सांडपाण्याचा नळ कधीचा फुटला होता, देव जाणे.

हेडमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटलं. “बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. विहीर बुजवू, मामांना नळ जोडून देऊ. जुनं कशाला उकरायचं?”

बाईंना क्षणभर ते पटलं. हो, पटलं! नंतर आयुष्यभर त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या क्षणाची. मग डॉक्टरांचा प्रश्न आठवला. त्याचं उत्तर फक्त त्यांच्याकडे होतं. त्या उठल्या आणि थेट मागच्या खोल्यांकडे गेल्या.

मामी खाटेवर बसल्या होत्या, मामा शेजारी उभे. चेहरा पिवळट, पण बाईंना पाहून पदर सावरत उठल्याच. “बसा ना बाई,” म्हणत त्यांनी माठातलं पाणी पुढे केलं. बाईंनी पेला हातात घेतला आणि त्यांना रडू फुटलं. रडत रडतच त्यांनी सगळं सांगितलं. रंगाचं नव्हे, त्याआधीच्या सव्वीस वर्षांचं. “यानेच झालं असं मला सांगता येणार नाही, मामा. पण यामुळे नाही झालं, असंही म्हणता येणार नाही. आजच डॉक्टरांना सांगा. मीही येते बरोबर. चूक माझी आहे. मला सगळं माहीत होतं, मी दरवर्षी शिकवत होते.”

मामांनी बाईंच्या हातातला पेला काढून घेतला आणि पाणी मोरीत ओतायला गेले. मोरीपाशी जाऊन थबकले. आता ते ओतायचं तरी कुठे?

“तुमच्या एकटीचा हात कुठला, बाई,” ते पाठमोरेच म्हणाले. “वर्ग सुटल्यावर उरलेल्या बाटल्या मीच रिकाम्या करायचो ना. तुम्ही शंभर मोजायला सांगायच्या. मी दोनशे मोजायचो. म्हटलं, कुणाच्या पोटात जायला नको.”