श्रावणाची थाप

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी शेजारणीच्या मांजराच्या तब्येतीपासून सगळं सांगते.

२००३ सालच्या समर हॉलिडेजमध्ये मी लंडनच्या पिनरहून दक्षिण आफ्रिकेला गेले, महिनाभर काळ्यांच्या एका वस्तीतल्या शाळेत फुकट शिकवायला. इथे प्रायमरी स्कूलमध्ये शिकवतेच. म्हटलं, थोडं पुण्यही पदरात पाडून घ्यावं. गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणारे कायदे तेव्हा जाऊन दहाएक वर्षं झाली होती. ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असं लिहिलेला जुना बाक मी म्युझियममध्ये पाहिला, डोळे पुसले. रडणं मला छान जमतं.

पहिल्याच दिवशी तिथल्या मुख्य बाई नोम्सा — गडगडाटी हसू असलेली बाई — मला घरी जेवायला घेऊन गेली. मक्याची घट्ट उकड, भोपळा, कोंबडीचा रस्सा. मला सगळंच चालतं. मग? मग मी — कसं सांगू? — मी म्हणाले, आमचा श्रावण आहे, महिनाभर उपवास. फक्त फळं. तीसुद्धा मी स्वतः सोललेली.

नोम्साला काय कौतुक माझं! दुसऱ्या दिवसापासून वर्गातली चाळीस पोरं माझ्याकडे पाठ करून डबा खायला लागली. मला मोह होऊ नये म्हणून! आणि मी? सामानाच्या खोलीत कडी लावून घरून नेलेल्या चकल्या खात होते. चकलीचा केवढा आवाज होतो, कधी लक्षात आलंय? चोखून मऊ करायची, मग चावायची. हसा — मलाही हसू येतं.

परतल्यावर इथल्या मराठी मंडळात स्लाइड शो केला. भेदभावावर वीस मिनिटं बोलले. “वहिनी, ब्रिलियंट! पुढच्या समरला आमच्या मुलांनाही पाठवतो,” असं दोघा-तिघांनी येऊन सांगितलं. मी लाजलेसुद्धा.

पण उपवास नव्हताच. श्रावण कधी लागतो, हे मी पिनरमध्ये बघतही नाही. घर लख्ख होतं, ताट लख्ख होतं. वाढणारा हात काळा होता, म्हणून मला त्या हातचं खायचं नव्हतं. किळस आली होती मला — हाच शब्द.

नोम्साचं दर ऑगस्टमध्ये पत्र येतं. तुझ्यासाठी एक दिवस उपवास धरला, असं लिहिते. यंदा शाळेतल्या आणखी चौघींनी धरला.

कालच मी आभाराचं कार्ड पोस्टात टाकलं.